रोटरी तेल खाते, खाऊ द्या: जुनं वँकेल इंजिन तपासायचं आणि सांभाळायचं कसं

मागच्या एप्रिलमध्ये एका मित्राचा फोन आला, म्हणाला गाडी तेल खातीये, मिस्त्री म्हणतोय रिंगा गेल्या, बोअर करून नवीन पिस्टन टाकू, काय करू रे? आता गाडी कुठली, तर त्याच्या सासऱ्यांनी इंग्लंडहून परत येताना आणलेली पहिल्या पिढीची माझदा आरएक्स-७, म्हणजे आत १२ए रोटरी इंजिन, आणि त्या इंजिनात बोअर नाही, पिस्टन नाही, मग पिस्टनच्या रिंगा कुठून येणार. मी म्हटलं आधी त्या माणसाच्या हातातला पाना काढून घे, मग आपण बोलू.

तिथून पुढे आमचे बहुतेक रविवार त्या गाडीखाली गेले. मी मूळचा टू-स्ट्रोकवाला, कॉलेजात येझदी होती नंतर आरएक्स हंड्रेड, त्यामुळे तेल खाणारं इंजिन बघून मला घाम फुटत नाही, आणि रोटरी समजून घ्यायला टू-स्ट्रोकची सवय असलेला माणूसच बरा पडतो असं माझं मत झालंय, कारण फोर-स्ट्रोकवर वाढलेला मिस्त्री तिला सगळी चुकीची औषधं देतो. रोटरी म्हणजे नाजूक, दर दोन वर्षांनी इंजिन खोलायला लागतं वगैरे जे आपण ऐकतो त्यातलं निम्मं तरी या चुकीच्या औषधांचं आहे. तर जे कळलं ते लिहून ठेवतोय, कुणाच्या घरी अशी एखादी गाडी पडून असेल किंवा कुणी विकत घ्यायला निघाला असेल तर कामाला येईल.

एक घोळ आधी मिटवू. रोटरी हा शब्द दोन वेगळ्या इंजिनांना वापरतात. पहिल्या महायुद्धातल्या विमानांमध्ये जे रोटरी होतं त्यात क्रँक जागेवर आणि अख्खे सिलेंडर गरागरा फिरायचे, आणि हे प्रकरण मोटरसायकलमध्ये पण आलं होतं, म्युनिकमध्ये १९२१ ते १९२५ मेगोला नावाची बाईक बनायची, तिच्या पुढच्या चाकातच पाच सिलेंडरचं ६४० सीसीचं इंजिन, क्लच नाही गिअरबॉक्स नाही, त्यामुळे थांबायचं असलं की इंजिन बंद करा नाहीतर जागच्या जागी गोल गोल फेऱ्या मारत बसा. संध्याकाळी सात वाजता स्वारगेटच्या चौकात हे करून दाखवा. असो, आपण बोलतोय ते दुसरं रोटरी, फेलिक्स वँकेलचं, ज्यात तीन टोकांचा रोटर फिरतो. इथून पुढे रोटरी म्हणजे तेच.

आधी पुठ्ठ्याचं इंजिन बनवा

हसू नका, मी पन्नास व्हिडिओ बघून जे कळलं नव्हतं ते एका संध्याकाळी पुठ्ठा कापून कळलं. अप्पा बळवंत चौकातून एक चार्ट पेपर आणा, आणि घरात कुठलं तरी खोकं असेलच. जाड पुठ्ठ्याची ६ सेंमी त्रिज्येची एक चकती कापा आणि ३ सेंमी त्रिज्येची दुसरी. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या आत जो नागमोडी कागद असतो तो सोलून दोन्ही चकत्यांच्या कडेला चिकटवला की झाले दात, मग चकती घसरत नाही. पण त्या कागदाची जाडी धरून ६ आणि ३ भरलं पाहिजे, आम्ही जाडी विसरलो आणि आकृती जुळेचना, पूर्ण फेरी मारून पेन्सिल भलतीकडेच. लहान चकतीत तिच्या केंद्रापासून १.३ सेंमीवर एक भोक पाडा, त्यात पेन्सिलचं टोक घाला, मोठी चकती चार्ट पेपरच्या मधोमध चिकटवून टाका आणि लहान चकती तिच्या बाहेरच्या कडेने न उचलता गोल फिरवून आणा.

जो आकार उमटतो तो भुईमुगाच्या शेंगेसारखा, लांबट आणि कमरेत जरासा दबलेला. हीच रोटरीच्या हाउसिंगची, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचाची, आतली भिंत. आता एक समभुज त्रिकोण कापा, केंद्रापासून प्रत्येक टोक ९ सेंमीवर, आणि तिन्ही बाजू मधोमध दीड सेंमी बाहेर फुगवा. हा रोटर. मधली चकती काढून टाका, रोटर त्या शेंगेत ठेवा आणि तिन्ही टोकं सतत रेषेवर राहतील असा हळूहळू फिरवा. जमतं, गंमत वाटते पण जमतं, तिन्ही टोकं एका वेळी भिंतीला टेकलेली राहतात आणि रोटरचं केंद्र मात्र एका छोट्या गोलात फिरत राहतं. रोटरचा एक फेरा होईपर्यंत केंद्राचे तीन. ते केंद्र ज्याला फिरवतं तो शाफ्ट, क्रँकच म्हणा ना, म्हणून गाडीच्या मीटरवर ६००० आरपीएम दिसत असतात तेव्हा आत रोटर बिचारा २००० नेच फिरत असतो.

रोटरच्या एका बाजूला स्केचपेनने रंग द्या आणि फक्त तिच्यासमोरचा कप्पा बघत रहा. मोठा होतो, लहान होतो, परत मोठा, परत लहान. ओढलं, दाबलं, पेटलं, फेकलं. चारही स्ट्रोक रोटरच्या एका फेऱ्यात, आणि अशा तीन बाजू, म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक धक्का. व्हॉल्व नाही, कॅम नाही, टायमिंग चेन नाही, भिंतीतली भोकं रोटर स्वतःच झाकतो उघडतो, आपल्या टू-स्ट्रोकसारखंच.

आकड्यांची हौस असेल तर: खऱ्या १२ए मध्ये केंद्रापासून टोक १०५ मिमी, केंद्राचं सरकणं १५ मिमी, म्हणजे सातास एक, आपल्या पुठ्ठ्यात पण तेच प्रमाण घेतलंय. रोटरची जाडी ७० मिमी. आता ५.१९६ गुणिले १५ गुणिले १०५ गुणिले ७० करा, कॅल्क्युलेटरवर ५७३ सीसी येतात, दोन रोटरचे ११४६. जाडी ८० करा, माझदाच्याच १३बी इंजिनाचे ६५४ येतील, ६० केली तर त्यांच्या पहिल्या कॉस्मो गाडीतल्या १०ए चे ४९१. एकच साचा आणि जाडी वाढवत नेली. मला हे कळलं त्या दिवशी झोप लागली नव्हती. जपानमध्ये मात्र टॅक्स लावताना रोटरीचे सीसी दीडपट धरतात, कारण ११४६ नावालाच.

समोर येऊ शकतात त्या गाड्या

वँकेलने पहिलं पेटंट १९२९ मध्ये घेतलं पण चालतं इंजिन एनएसयू कंपनीत १९५७ ला फिरलं, आणि त्यात रोटर आणि हाउसिंग दोन्ही फिरायचे, प्लग बदलायचा तर इंजिन उघडा. मग एनएसयूमधल्याच हान्स डिटर पाश्के या इंजिनिअरने हाउसिंग जागेवर ठेवून फक्त रोटर फिरवला, ते वँकेलला आवडलं नव्हतं म्हणतात, पण आज आपण ज्याला वँकेल म्हणतो ते खरं तर हे पाश्केचं. १९६४ ची एनएसयू स्पायडर एका रोटरची, मग १९६७ ची आरओ ८०, काय देखणी गाडी, १९६८ ची युरोपियन कार ऑफ द इयर, आणि टोकाची सीलं (रोटरच्या तीन टोकांवर बसवलेल्या, भिंतीला टेकून हवा धरणाऱ्या पट्ट्या) इतक्या लवकर जायची की वॉरंटीत इंजिनं बदलून बदलून कंपनीच खिळखिळी झाली. सित्रोएनने १९७३ मध्ये जीएस बायरोटर काढली, आठशे-साडेआठशे विकल्या आणि नंतर स्वतःच परत विकत घेऊन मोडीत काढायला लागले, पार्ट पुरवायची कटकट नको म्हणून. माझदाच तेवढी टिकली, १९६७ च्या कॉस्मोपासून. भिंतीवर आडव्या रेघा उमटायच्या, सील थरथरायचं त्यामुळे, तिथले इंजिनिअर त्याला सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे, केनिची यामामोतोच्या टीमने ते कार्बन आणि ॲल्युमिनियम एकत्र करून बनवलेल्या सीलने सोडवलं. १९७८ ला आरएक्स-७ आली, १९९१ ला चार रोटरच्या ७८७बी ने ले मान्स मारलं.

बाईकमध्ये हर्क्युलीस डब्ल्यू २००० ही पहिली, २९४ सीसी, समोर भला मोठा पंखा, इंजिन मुळात बर्फावरच्या स्कूटरचं. सुझुकी आरई५ १९७४ ते ७६, ४९७ सीसी, एक रोटर, पाण्याने थंड होणारी, तिच्या सीलांच्या तेलाची टाकी वेगळी, इंजिनाचं तेल वेगळं, आणि सुरुवातीच्या मॉडेलचे मीटर एका आडव्या डब्यात, चावी फिरवली की झाकण उघडतं, डिझाइन जुजारो या इटालियन डिझायनरचं. एवढं सगळं करून ६२ हॉर्सपॉवर. मला आवडते, पण विकत घेणार नाही, तिचा कार्ब्युरेटर बघितलात तर तुम्ही पण घेणार नाही. नॉर्टनची ५८८ सीसी दोन रोटरची मात्र खरी कामाची, आधी ब्रिटिश पोलिसांना दिली, मग १९८७ ला 'क्लासिक' नावाच्या शंभर बाईक लोकांना विकल्या, आणि १९९२ ला स्टीव्ह हिस्लॉपने त्यांच्या रेसच्या रोटरीवर आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी रेस जिंकली.

आपल्याकडे यातलं काहीही दिसणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. दिसलीच तर कागद आधी बघा, गाडी नंतर. २०२१ पासून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, नंबरात व्हीए येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पण मग ती रोज ऑफिसला न्यायची नाही. आरई५ आता त्यात बसायला लागली, आरएक्स-७ अजून नाही.

बघायला गेलात की

आपण जुनी गाडी बघायला गेलो की पहिल्यांदा बॉनेटला हात लावतो, गरम असेल तर मालकाने आधीच चालू करून ठेवलीये, काहीतरी लपवतोय. रोटरीत हे अर्धंच बरोबर आहे. गार असताना चालू करून बघाच, पण खरी परीक्षा गरम झाल्यावर. पंधरा-वीस मिनिटं चालवा, बंद करा, मालकाबरोबर चहा घ्या, दहा मिनिटांनी परत सेल्फ मारा. थकलेली रोटरी सकाळी गार असताना झटकन लागते आणि गरम झाली की सेल्फ नुसता गुरगुरत राहतो, बॅटरी संपली तरी लागत नाही. मालक म्हणेल बॅटरी वीक आहे. बॅटरी वीक नाहीये, सील वीक आहेत.

धूर बघा. चालू करताना थोडा निळसर धूर आला तर येऊ दे, तेल आहे. पांढरा धूर गोडसर वासाचा आणि गरम झाल्यावर पण थांबत नसेल तर कूलंट आत जातंय, तिथेच नमस्कार करून निघा. हे इंजिन सँडविच आहे, बिडाची प्लेट, ॲल्युमिनियमचं हाउसिंग, परत प्लेट, परत हाउसिंग, परत प्लेट, आणि आरपार लांब लांब बोल्ट. बीड आणि ॲल्युमिनियम गरम झाल्यावर सारखे फुगत नाहीत, मधल्या रबरी सीलांवर सगळा भार, एकदा जरी जोरात तापली तरी ती सीलं जातात. इंजिन चालू असताना कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येत राहतात का ते बघा. ऑइल भरायच्या झाकणाला पावसाळ्यात सायीसारखं पिवळट काहीतरी लागलेलं दिसेल, ते बघून मिस्त्री लगेच हेड गॅस्केट गेलं म्हणतील, पण याला हेडच नाही तर गॅस्केट कुठलं, ते बहुतेक वेळा दमट हवेचं पाणी असतं, गाडी थोडी लांब चालवली की जातं.

आणि मालकाला विचारा तेल किती खाते. "अजिबात नाही हो, थेंब पण नाही" असं अभिमानाने सांगितलं तर घाबरा. सीलांना तेल मिळावं म्हणून कंपनीनेच एक छोटा पंप दिलाय जो इंजिनातलं तेल थोडं थोडं आत सोडतो आणि ते जळून जातं, तेल कमी होत नाही म्हणजे तो पंप मेलाय आणि सीलं कोरडी घासतायत. मित्राच्या गाडीचा 'आजार' म्हणजे हेच ठरवून तेल जळणं होतं, ती तब्येतीने ठणठणीत होती.

आता कॉम्प्रेशन. हे नीट करा, कारण साधं गेज लावून कुणीही तुम्हाला फसवू शकतं, स्वतःला पण. पिस्टनच्या गेजमध्ये एक व्हॉल्व असतो जो सगळ्यात जास्त प्रेशर धरून ठेवतो, आणि रोटरच्या तीन बाजू एकाच प्लगच्या भोकासमोरून जातात, म्हणजे एक बाजू चांगली आणि दोन मेलेल्या असल्या तरी काटा मस्त वर जाऊन थांबणार. त्यामुळे गेजचं प्रेशर सोडायचं बटण दाबून धरा, किंवा आतला व्हॉल्वच काढून टाका, म्हणजे काटा थांबणार नाही, उड्या मारेल. इंजिन गरम, बॅटरी फुल चार्ज, कॉइलची वायर काढलेली, पेट्रोल पंपाची पण, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, त्यातला एक काढून तिथे गेज, दुसरा जागेवर. सेल्फ मारा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये काट्याचं शूटिंग घ्या, ही युक्ती मित्राच्या मुलीची, आम्ही दोघं डोळे फाडून बघत होतो आणि आकडा काही वाचता येत नव्हता.

तीन उड्या सारख्या पाहिजेत. या पिढीच्या माझदाला २५० आरपीएमला ८५ पीएसआय ही खालची हद्द, आणि एका रोटरच्या तीन बाजूंमध्ये २१ पेक्षा जास्त फरक नको. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, हवाच सहा टक्के पातळ, तेव्हा इथे ८० आलं तरी लगेच तोंड पाडू नका. दोन उड्या कमी आणि एक बरी असेल तर त्या दोन बाजूंच्या मधलं टोकाचं सील गेलंय, कारण एक सील फुटलं की दोन्ही शेजाऱ्यांची हवा जाते. एकच उडी कमी असेल तर रोटरच्या सपाट अंगावरचं, बिडाच्या प्लेटला घासणारं सील. तिन्ही सारख्याच कमी असतील तर इंजिन म्हातारं झालंय, त्याप्रमाणे किंमत पाडा. गेज नसेल तर गेजविना पण कळतं, प्लग काढून सेल्फ मारा आणि कान द्या, फुस फुस फुस एका लयीत आलं पाहिजे, लेझीमसारखं. फुस फुस आणि मग एक गॅप असं आलं तर गेज आणायला कुणाला पाठवू नका, घरी जा.

टँकरवाल्या सकाळची गोष्ट

सगळ्यात जास्त मनस्ताप आम्हाला यानेच दिला. एका रविवारी सकाळी सात वाजता सोसायटीत पाण्याचा टँकर आला, वॉचमन वर आला, "साहेब गाडी जरा मागे घेता का." मित्राने चालू केली, दहा फूट मागे, बंद, टँकर गेल्यावर परत जागेवर घ्यायला गेला तर लागेना. सेल्फ मार मार मारला. बॅटरी गेली. धक्का मारायला वॉचमन, टँकरवाला आणि मी.

झालं असं की गार इंजिनात चोकमुळे भरपूर पेट्रोल जातं, ते भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं, तेल गेलं की सील टेकूनसुद्धा हवा धरत नाही, हवा धरत नाही म्हणून कॉम्प्रेशन नाही, आणि तुम्ही जितका सेल्फ मारता तितकं अजून पेट्रोल. सोडवायचं असं: पेट्रोल पंपाची वायर काढा, म्हणजे आता नवीन पेट्रोल येणार नाही. खालचे प्लग काढा (खालचे लीडिंग आणि वरचे ट्रेलिंग, वायरींना आधीच चिकटपट्टी लावून नावं घाला, अदलाबदल झाली की फटाके). ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, भोकातून पेट्रोल फवाऱ्यासारखं उडेल, जवळ कुणाला विडी ओढू देऊ नका, हे गमतीने सांगत नाहीये. मग प्रत्येक भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा, हाताने दोन-तीन फेरे फिरवा, प्लग पुसून कोरडे करून लावा, वायर जोडा, सेल्फ. लागेल, आणि असा धूर करेल की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू खाली येतील. आल्या होत्या.

यावर उपाय एकच, चालू केली की पूर्ण गरम होईपर्यंत बंद करायचीच नाही. दहा फूट हलवायची असेल तर न्यूट्रलमध्ये ढकला.

तेल, उष्णता आणि मनसोक्त पळवणं

इंजिनात साधं २०-डब्ल्यू-५० मिनरल घाला, कुठेही मिळतं, आणि पाच हजार किलोमीटरला बदला. महागड्याच्या मागे लागू नका, यातलं काही तेल जळणारच आहे. डिपस्टिक प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना बघायची, शहरात ही सहा-सात किलोमीटर देते लिटरला, म्हणजे बघायची संधी वारंवार येतेच. रोटर आतून तेलानेच थंड होतो, त्यामुळे पुढचा ऑइल कूलर रेडिएटरइतकाच महत्त्वाचा, त्याच्या जाळीतली माती दर महिन्याला धुवा.

शिवाय आम्ही पेट्रोलमध्ये टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं तेल, घालतो. चांगलं टू-टी, लिटरला ४ एमएल, कारण कंपनीचा पंप चालू आहे, पंप काढून टाकलेला असेल तर ८ एमएल. येझदीत आपण याच्या कितीतरी पट घालायचो तेव्हा काळजी नको, धूर दिसत पण नाही. पेट्रोल पंपावरचा पोऱ्या बघतो माझ्याकडे, गाडी कुठली आणि काका टाकतायत काय.

उष्णता हा खरा शत्रू. एक्झॉस्टला व्हॉल्व नाही, जळतं मिश्रण जवळपास तसंच बाहेर पडतं, सायलेन्सर लालभडक होऊ शकतो, म्हणून वाळक्या गवतावर कधीच उभी करू नका, एप्रिल-मेमध्ये तर नाहीच. ट्रॅफिकमध्ये टेंपरेचरचा काटा नेहमीच्या जागेच्या वर सरकला की सिंहगड रोड असो नाहीतर काहीही असो, बाजूला घ्या. अजून थोडं जाऊ म्हणत घर गाठलेल्या रोटरीची इंजिनं उघडून बसलेले लोक आहेत. थर्मोस्टॅट काढून टाकायचा आपला लाडका जुगाड इथे करू नका, नवीन आणून बसवा.

आणि हळू चालवून गाडी टिकते हा समज सोडा. सतत दोन हजार आरपीएमवर फिरवलेल्या रोटरीत कार्बन साठतो, टोकाचं सील आपल्या खाचेत चिकटून बसतं, बाहेर यायचं तिथे येत नाही आणि एक दिवस तुटतं. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी, पूर्ण गरम झाल्यावर, पहाटे लोणावळ्याकडे किंवा साताऱ्याकडे काढा आणि तिसऱ्या गिअरमध्ये ओढा, बझर वाजेपर्यंत. बझर कंपनीनेच दिलाय, कारण आरपीएम वाढले तरी हे इंजिन थरथरत नाही, ओरडत नाही, चालवणाऱ्याला कळतच नाही कधी हद्द ओलांडली. एक सांभाळा, ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन फारसं ब्रेक लावत नाही, खंबाटकी उतरताना फोर-स्ट्रोकच्या भरवशाने जाऊ नका, ब्रेक आधीच चांगले करून घ्या. बाईकवर तर जास्तच.

प्लग मॅन्युअलमध्ये आहे तोच. दुकानदार म्हणेल आटे बसतायत ना मग चालतंय, पण याची लांबी जरा जरी जास्त झाली तर टोक आत डोकावतं आणि रोटर येऊन त्यावर आपटतो. पिस्टनला डोक्यावर थोडी जागा तरी असते, इथे नाही.

उघडायची वेळ आलीच तर

भोसरीत एकापेक्षा एक हुशार लेथवाले आहेत, मला त्यांच्याबद्दल आदर आहे, एकाने जुनं सील हातात घेऊन सांगितलं, साहेब हे बिडात बनवून देतो, सकाळी या. नको. ते सील भिंतीवरच्या क्रोमवर घासणार, त्याचा कडकपणा चुकला तर सील नाही, भिंत जाते, आणि सील बाहेरून मागवता येतं, हाउसिंग मिळवताना मात्र दमछाक होते. कूलंटची रबरी सीलं पण मीटरवर मिळणारी दोरी कापून चिकटवून करायची नाहीत, अख्खा किट मागवा. लेथवाल्यांकडून ब्रॅकेट, बुश, वॉटर पंपाची पुली, फ्लायव्हीलचा नट खोलायला लागणारा मोठा पाना, हे सगळं जरूर करून घ्या, आम्ही करून घेतलं आणि झकास झालं. उघडल्यावर हाउसिंगच्या कडेला क्रोमचे पापुद्रे निघालेत का बघा आणि बिडाच्या प्लेटवर नख ओढून बघा, पायरी लागली तर मापाशिवाय परत बांधू नका. प्रत्येक सील ज्या खाचेतून निघालं तिथेच परत जाणार, म्हणून अंड्यांच्या ट्रेमध्ये नंबर टाकून ठेवा.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर बिडाच्या प्लेटा आतून गंजतात आणि सील त्या गंजावर घासतं, त्यामुळे जूनच्या आधी प्रत्येक भोकातून चमचाभर तेल घाला, पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने हाताने फिरवा आणि दर पंधरा दिवसांनी परत फिरवा, टाकी गच्च भरून ठेवा, बॅटरीची वायर काढा. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबा म्हणजे दमट हवा आणि उंदीर दोन्ही आत जात नाहीत, आणि चिंधी काढायची आठवण म्हणून स्टेअरिंगला एक चिठ्ठी बांधा. आम्ही बांधली नव्हती.